म्हाळ झाले, आता जित्या माणसांची आठवण

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

म्हाळ संपत आलेत, आता सर्वपित्री झाली की दुसऱ्या दिवशी घट बसतील. दरवर्षी या दिवसांत एक गोष्ट मनात येते आणि कामाच्या गडबडीत तशीच राहून जाते, यंदा म्हटलं लिहून पाठवायचीच. पत्र जरा लांबलंय त्याबद्दल समजून घ्या, पण जे लिहिलंय ते अगदी मनापासून लिहिलंय.

भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा आपण गेलेल्या माणसांसाठी ठेवतो. कुणाला अळूच्या वड्या आवडायच्या, कुणाला गव्हाची खीर, ते सगळं आठवून आठवून करायचं, पान वाढायचं, कावळ्याची वाट बघत परड्यात उभं राहायचं, आणि मला हे फार चांगलं वाटतं, कारण ज्यांच्यामुळं आपण आहोत त्यांना वर्षातनं एकदा तरी नाव घेऊन आठवायला पायजेच. पण मग जित्या माणसांचं काय ओ? आश्विन-कार्तिकाचे हे दीड-दोन महिने आपल्या बेळगाव भागात इतके गोड जातात, खायला-प्यायला, बघायला, फिरायला सगळं असतं, आणि हे ज्यांच्या कष्टावर चाललंय त्यांना आपण कधी तोंड उघडून सांगतो का की बाई तुझ्यामुळं, बाबा तुझ्यामुळं आमचा सण झाला म्हणून? फार क्वचित. व्हॉट्सअॅपवर शंभर जणांना शुभेच्छा फॉरवर्ड करतो, पण दारात रोज येणाऱ्या माणसाला काही सांगत नाही.

आधी या दिवसांबद्दल थोडं लिहिते, कारण आपलीच माणसं हल्ली या दिवसांकडं बघायचं विसरलीत असं मला वाटायलंय. गणपती झाले की डायरेक्ट दिवाळीच्या खरेदीची गडबड, मधले दिवस कुठं जातात कळतच नाही. खरं तर हेच दिवस बघायचे. आपलं गाव साधारण अडीच हजार फुटांवर, त्यामुळं खाली गोव्यात आणि कोकणात लोक ऑक्टोबरच्या उकाड्यानं हैराण झालेले असतात तेव्हा आपल्याकडं दुपारचं ऊन जरा चटकलं तरी पहाटे अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. पाऊस माघारी फिरलेला, हवेतली धूळ धुऊन निघालेली, आणि आभाळ असं निळं की राजहंसगडावर उभं राहिलं तर पश्चिमेच्या डोंगररांगा एकामागनं एक स्पष्ट दिसतात. गडाच्या उतारावर आणि जांबोटी-चोर्ल्याच्या बाजूला सोनकी पिवळीजर्द, बांधावर तेरडा. हे सगळं बघायला तिकीट लागत नाही की बुकिंग लागत नाही.

नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौड निघते ते आपल्या सगळ्यांना माहीतच आहे, पोरं-पोरी पांढऱ्या कपड्यात, डोक्याला फेटे, गल्लीगल्लीत रांगोळ्या आणि दारात आरतीची ताटं घेऊन उभ्या असलेल्या बायका. दौड यायच्या आधी, पाचच्या सुमाराला, एकदा टेरेसवर जाऊन मान वर करून बघा अशी माझी सगळ्यांना विनंती आहे. मृग नक्षत्र त्या वेळी बरोबर डोक्यावर असतं, त्याच्या आग्नेयेला व्याध चकाकत असतो, आणि दक्षिणेला अगदी खाली, घरांच्या वर थोडासाच, अगस्ती दिसतो. यात मला सगळ्यात काय आवडतं सांगू का, जूनमध्ये आपण मृगावर पेरणी केली म्हणतो पण तेव्हा मृग काय कुणाला दिसत नाही, सूर्यच त्या बाजूला असतो म्हणून. आपण पेरतो ते न दिसणाऱ्या नक्षत्राच्या भरवशावर, आणि मग भात पोसवून लोंब्या बाहेर पडतात त्या दिवसांत तोच मृग पहाटे डोक्यावर येऊन उभा असतो. मला तर बघून हात जोडावेसे वाटतात, देवाला म्हणा, आभाळाला म्हणा, कुणालाही म्हणा.

अगस्ती उगवला की पाणी निवळतं असं जुनी माणसं सांगायची. तारा पाणी निवळत नाही हे आज शाळेतल्या पोराला पण कळतं, पण दोन्ही एकाच काळात होतं हे खरं आहे. आषाढात मलप्रभा बघा, कणकुंबीच्या डोंगरातनं निघून खानापुरात येईपर्यंत तांबडीलाल, चहासारखी दिसते. आता जाऊन बघा, घाटाच्या पायरीवर उभं राहिलं की तळातले गोटे मोजता येतात आणि त्यावरनं बारक्या माशांची रांग चाललेली दिसते. मार्कंडेयचं पण तसंच.

आता पाण्याचाच विषय निघाला म्हणून सांगते. राकसकोप धरणाचं पाणी आपल्या नळाला येतं ते काय आपोआप येत नाही. हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनवर रात्रपाळीला माणसं असतात, सणाच्या दिवशी पण असतात, आणि आपल्या गल्लीत ती लांबलचक लोखंडी चावी घेऊन व्हॉल्व फिरवायला एक जण येतो, कधी पहाटे, कधी रात्री, पावसात, थंडीत. पाणी नाही आलं की आपण त्याला गाठून विचारतो, चार शब्द सुनावतो पण. पाणी आलं त्या दिवशी कुणी त्याला थांबवून चहा विचारलाय असं मी तरी फारसं बघितलं नाही. दिवाळीच्या पहिल्या पहाटे अभ्यंगाला बंबात भरलेलं पाणी त्याच्या हातातनं आलेलं असतं की.

रताळ्याची गोष्ट अशीच. आपल्या तालुक्याच्या पश्चिम भागातली आणि खानापुरातली रताळी म्हणजे काय साधी गोष्ट नाही, तांबड्या मातीतलं ते रताळं मुंबई-पुणे-गोव्याला आणि पार उत्तरेकडं जातं, नवरात्राचे उपवास जवळ आले की मार्केटात पोत्यांच्या थप्प्या लागतात. मी माहेरी गेले की काढणी बघायला मुद्दाम शेतात जाते. पुढनं बैलांनी वरंबा फोडत जायचं आणि मागनं बायका ओळीनं बसून वेचत जायच्या, वेल बाजूला सारायचा, रताळं देठाला मोडायचं, हातानंच माती झाडायची, मोठी एकीकडं, मधली एकीकडं, कापलेली-तुटलेली घरच्यासाठी बुट्टीत. देठ मोडला की पांढरा चीक निघतो, तो बोटांना लागतो आणि सुकला की काळा पडतो. साबणानं धुवा, राखेनं घासा, लिंबू चोळा, तो डाग काय जात नाही, नखाच्या कडेला आणि बोटांच्या पेरांवर काळ्या रेघा राहतातच, कातडी बदलेल तेव्हाच जाणार. आपण नवरात्रात तुपावर परतलेले काप खातो, गूळ घालून कीस करतो, आणि त्याच दिवसांत माळेच्या आरतीला देवळात उभी राहिलेली ती बाई टाळी वाजवत असते तेव्हा तिची बोटं बघा. मला अशा बोटांच्या पाया पडावंसं वाटतं, हे मी अगदी खरं लिहितेय.

भाताचं तर काय सांगायचं. शहापूर-वडगाव-अनगोळ-येळ्ळूर शिवारात या दिवसांत सकाळी नुसतं बांधावरनं चालत गेलं तरी बासमतीचा वास येतो, अजून दाणा भरायचाय, तरी वास येतो. इंद्रायणी आहे, इंटाण आहे, कुठलं आधी वाकतं, कुठलं उशिरा. पण याच वेळी शेतकऱ्याच्या जिवाला घोर असतो, कारण परतीचा पाऊस कधी काय करेल सांगता येत नाही. बळ्ळारी नाल्याला लागून ज्यांची शेतं आहेत त्यांना विचारा, पावसाळाभर नाल्याचं पाणी बघत काढलेलं असतं आणि आता कापून आडवं टाकलेलं भात दोन-तीन दिवस वाळायला हवं तेव्हाच वर ढग आले की अख्खं घर ताडपत्री घेऊन पळतं, भिजलं तर दाण्याला मोड येतात आणि गवत पण काळं पडतं. म्हणून आनंद मानायचा म्हणजे हे सगळं झाकून ठेवायचं असं मला म्हणायचं नाही. उलट एवढी धाकधूक असताना पण तो शेतकरी खंडेनवमीला विळे-कोयते-नांगर धुऊन पुजतो, दारावर झेंडू आणि आंब्याच्या पानांबरोबर भाताच्या लोंब्या बांधतो, हे बघून मला जास्त भरून येतं. चिक्कोडी-निपाणीकडं याच वेळी सोयाबीन काढून झालेलं असतं आणि ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागतात, त्यांची दिवाळी तर पालातच होते, लहान पोरांना घेऊन. त्यांची पण आठवण ठेवायला पायजे.

जरा वेगळं एक सांगते, माझ्या भाच्याला पाखरं-किड्यांचा नाद आहे त्यानं दाखवलेलं. या दिवसांत दुपार उतरली की मोकळ्या माळावर, शेतावर, अगदी आपल्या टेरेसवर पण पिवळसर चतुर थव्यानं घिरट्या घालताना दिसतात, कुठं बसत नाहीत, नुसते तरंगत असतात. तो म्हणाला यातले कितीतरी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडं जातात. मला आधी खरं वाटेना, पण मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन नावाच्या अभ्यासकांनी २००९ साली हे मांडलं, तिथं त्या बेटांवर गोडं पाणी जवळजवळ नाहीच आणि तरी ऑक्टोबरात चतुरांचे थवेच्या थवे उतरतात, तेव्हा हे येतात कुठनं आणि जातात कुठं याचा त्यांनी बरीच वर्षं माग काढला. बोटभर लांबीचा पण नाही तो जीव, आणि आपला पाऊस संपला की वाऱ्यावर बसून समुद्र ओलांडतो. आणि तिकडनं हिमालयाकडनं परीट पक्षी आपल्याकडं येतात, आलेत का बघा, शेपटी वरखाली करत नाल्याच्या कडेला, मैदानावर पळत असतात. म्हणजे आपल्या दारावरनं एवढी मोठी ये-जा चाललेली असते आणि आपण मोबाईलमध्ये मान घालून बसलेलो.

असो, घटांकडं वळते. आमच्या घरी पत्रावळीवर काळी माती पसरून मध्ये घट ठेवतात आणि मातीत धान्य पेरतात, गहू, ज्वारी, मूग, जे असेल ते, विड्याची पानं वर लावतात, रोज एक माळ. तिसऱ्या दिवशी बारीक कोंब वर येतात आणि देवघरात उजेड कमी म्हणून ते पिवळे पिवळेच वाढतात, लांब आणि नाजूक. दसऱ्याला तेच काढून पुरुष टोपीत खोवतात, बायका वेणीत माळतात. आमच्या सासूबाई होत्या तोपर्यंत या धानाचं आणि सोन्याचं एक ठरलेलं होतं. घरी तेव्हा माग होते, वडगावात घरटी मागाचा खडखडाट होता तो काळ. खंडेनवमीला मागाची पूजा व्हायची आणि दसऱ्याच्या दिवशी देवाला सोनं वाहून झालं की सासूबाई पहिलं सोनं मागासाठी सुताच्या कांड्या भरायला येणाऱ्या बाईला द्यायच्या, मग घरातल्या थोरांना. त्यांना वाकून नमस्कार करायच्या, वयानं ती बाई लहान असली तरी. मी नवीन सून होते तेव्हा मला आश्चर्य वाटलं, विचारल्यावर एवढंच म्हणाल्या, तिच्या कांड्या आहेत म्हणून आपल्या चुलीवर तवा आहे. नंतर माग गेले, ती बाई पण गेली, आणि आमच्या घरातनं ती पद्धत पण हळूच निघून गेली. आता सोनं म्हणजे काय झालंय, नातेवाइकांच्या घरी गाडीवरनं जायचं, दारातच पानं द्यायची, फोटो काढायचा, पुढच्या घरी.

म्हणून माझं म्हणणं आहे, आणि पत्र लिहायचं कारण पण हेच, की यंदा दसऱ्याला आपण सगळ्यांनी सोनं द्यायला अशा माणसांकडं जाऊया ज्यांच्याकडं आपण कधीच जात नाही. तो व्हॉल्व फिरवणारा. पहाटे अंधारात गल्ली झाडणाऱ्या बायका, ज्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपलाच झेंडू आणि आपलीच तुडवलेली पानं ढीग करून उचलतात. दूध घालणारा गवळीदादा. वादळात खांबावर चढणारा हेस्कॉमचा लाईनमन. घरोघरी तब्येतीची चौकशी करत फिरणाऱ्या आशाताई. शेवटच्या बसचा कंडक्टर, जो येळ्ळूर-कंग्राळीच्या कॉलेजच्या पोरींसाठी स्टॉपवर दोन मिनिटं जास्त थांबतो. आपल्या शेतात कापणीला येणाऱ्या बायका, त्यांच्या घरी जाऊन, उंबऱ्याच्या आत बसून, त्यांच्या हातचा चहा पिऊन. पैसे-बिसे द्यायचे ते वेगळे, मजुरी आणि दिवाळीची पोस्त ही त्यांच्या हक्काची गोष्ट आहे, ती वेळेत आणि पुरी द्यायलाच हवी. मी बोलतेय ते घरी जाण्याबद्दल. जाऊन नाव घेऊन सांगायचं, तुम्ही हे काम करता म्हणून आमचं वर्ष सुरळीत गेलं. एवढं वाक्य बोलायला पहिल्यांदा जीभ अडखळते, संकोच वाटतो, समोरचा पण गोंधळतो, पण बोलून बघा.

आणि सोन्याबद्दल एक सांगायचं राहिलं. आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणतात ते बघवत नाही. एक पान पुरतं, अगदी एक. शिवाय बाजारात आपटा म्हणून कांचन पण खपवतात, आपट्याचं पान लहान, जाड, खरबरीत, लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि मागच्या बाजूनं राखाडी असतं, कांचनाचं मोठं आणि मऊ. झाडं दोन्ही चांगली, दोन्ही जगायला पायजेत. ज्यांच्या अंगणात जागा आहे त्यांनी एक आपटा लावला तर पुढच्या पिढीला जंगलात जायची गरज पडणार नाही.

आमच्या शेजारी कन्नड कुटुंब आहे, कित्येक वर्षं. दसऱ्याला ते बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन आमच्याकडं येतात, आम्ही आपटा घेऊन त्यांच्याकडं जातो, दोन्ही पानं एकमेकांच्या देवघरात. कोजागिरीच्या पौर्णिमेला त्या घरातल्या वहिनींच्या माहेरी शीगी हुण्णिमे असते, पिकानं भरलेल्या भुईला ओटी भरल्यासारखं करून शेतात चरगा टाकतात, शिजवलेलं अन्न चारी बाजूंना शिंपडत जायचं, जमिनीसाठी आणि जमिनीतल्या सगळ्या जिवांसाठी. मागं एकदा त्या वहिनींनी मला बरोबर नेलं होतं. सगळं घर बैलगाडीत, कडबू, भाज्या, दहीभात, शेतातच जेवण आणि मग रात्री परत येऊन गच्चीवर आमचं मसाला दूध. सीमाभागात राहतो म्हणून आपल्या वाट्याला खूप काही सोसायचं आलंय, ते मी विसरलेली नाही, मराठी पाटीसाठी आणि मराठी शाळेसाठी बोलायचं तिथं मी बोलतेच आणि पुढं पण बोलणार. पण एकाच पौर्णिमेला दोन घरांचे दोन सण मिळतात हे पण याच मातीनं दिलंय, आणि त्याबद्दल मला मनापासून बरं वाटतं.

दिवाळीतल्या किल्ल्यांबद्दल आपल्या पेपरात दरवर्षी फोटो येतात त्याबद्दल आभार. पोरं आठ-आठ दिवस चिखलात असतात, दगड, विटा, गोणपाट, तांबडी माती, अळीव पेरून तट हिरवे करायचे, रात्री दहापर्यंत आया ओरडत असतात आणि पोरं घरात यायला तयार नसतात. मला वाटतं वर्षातला हा एकच आठवडा असेल जेव्हा पोरांना मोबाईलची आठवण होत नाही. किल्ला बघायला जाणाऱ्या मोठ्या माणसांना एक विनंती, पाच मिनिटं थांबून पोरांना माहिती सांगू द्या. पाठ करून ठेवलेली असते बिचाऱ्यांनी, प्रतापगडाचा बुरुज कुठला, राजगडाच्या माच्या किती, आणि आपण नुसते छान छान म्हणत पुढं जातो. पूर्ण ऐका, मध्ये एखादा प्रश्न विचारा, पोरांचा चेहरा कसा फुलतो बघा.

पाडव्याला गवळी बांधव म्हशी सजवून मिरवतात ते तर बघण्यासारखं. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, अंगावर नक्षी, मोरपिसं, आणि मालकाच्या एका हाकेवर त्या मागनं पळत सुटतात. मोटारसायकलचे सायलेन्सर काढून केलेला आवाज तेवढा कमी झाला तर बरं, लहान बाळं आणि आजारी माणसं घाबरतात, बाकी सगळं डोळे भरून बघावं असं. वर्षभर जिचं दूध काढलं तिला एक दिवस नटवायचं, ओवाळायचं. खेड्यात त्याच सकाळी दारात शेणाचे पांडव घालतात, त्यात झेंडू आणि गवताच्या काड्या खोवतात. म्हणजे जनावराचे, शेणाचे पण आभार मानायची रीत आपल्याकडं आधीपासनं आहे, औजारांचे आहे, मातीचे आहे. माणसांचे आभार मानायलाच मागं पडलोय आपण.

दिवाळी झाली की सुगी जोरात. पैरा करून एकमेकांच्या शेतात जायचं, विळ्यांचा करकर आवाज, दुपारी बांधावर भाकरी आणि खर्डा, वळ्या घालायच्या, मग मळणी. मशीन आलंय, हार्वेस्टर फिरतो, कष्ट वाचले हे चांगलंच झालं, पण जिथं अजून हातानं कापणी होते तिथं दिवसभर वाकून राहिलेल्या बाईची पाठ संध्याकाळी सरळ होत नाही. नव्या भाताचा पहिला भात शिजतो तेव्हा घरभर वास सुटतो, पेज पण वेगळीच लागते. त्यातला एक डबा तिच्या घरी जावा.

आता आपल्याकडं मागणं. घटस्थापनेपासनं सुगीपर्यंत आपल्या पेपरात रोज एक छोटासा कोपरा वाचकांसाठी ठेवता येईल का? आठ-दहा ओळीच, जास्त नको. त्यात वाचकांनी आपल्या भागातल्या अशा एका माणसाबद्दल किंवा बाईबद्दल लिहायचं, काय काम करतात, आपल्याला त्याचा काय उपयोग झाला, आणि त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तरच नाव छापायचं. बाकीच्या पानांवर भाववाढ, अपघात, कोर्टकचेऱ्या हे असणारच, ते वाचायला पण हवं, पण सकाळी चहाबरोबर या आठ ओळी वाचून कुणीतरी उठून शेजारच्या दारात गेला तर पेपराचं पण मोठं काम होईल. शाळांतल्या बाईंनी आणि सरांनी पोरांकडनं असं लिहून घेतलं तर फारच चांगलं, पोरं मोठ्यांपेक्षा जास्त बघत असतात.

आमच्या गल्लीतल्या बायकांची यावर बैठक झाली. दसऱ्याला संध्याकाळी कॅम्पातल्या मैदानावर सीमोल्लंघनाला जायच्या आधी, सकाळीच, झाडलोट करणाऱ्या बायकांना आणि व्हॉल्वमनला गल्लीच्या देवळात बोलवायचं ठरत होतं, पण मी म्हटलं बोलवायचं नाही, आपण जायचं, आणि सगळ्यांना ते पटलं. पत्ते गोळा करायचं काम चालू आहे, दोघी तिघींचे मिळालेत, एकीचं घर पार नाल्यापलीकडं आहे तिथं रिक्षा करून जाणार आहोत. आपट्याची पानं एक जण शेतातनं आणणार आहे, मोजकीच. कोपरा सुरू केलात तर पहिल्या आठ ओळी आमच्या गल्लीकडनं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या ऑफिसात पोहोचत्या करते.

आपली नम्र,
एक वाचक
वडगाव, बेळगाव